एक संत्रं, अख्खी बिल्डिंग

लिफ्टवाल्यांच्या झाडाला फळ धरलं ही बातमी चार मजले उतरायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत, आणि लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये हा वेग काही कमी नव्हे.

लिफ्टवाले म्हणजे भिंगरीचे बाबा. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या बिल्डिंगमधल्या बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि स्वतः मात्र रोज संध्याकाळी हत्यारांची जड पिशवी खांद्यावर टाकून चार मजले चढत आले. आणि भिंगरी म्हणजे त्यांची धाकटी. चष्म्याच्या दुकानात कामाला. एका हाताने गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम चढवते, दुसऱ्या हाताने फोन घेते, आणि तोंडाने तिसऱ्यालाच सांगते की काका, आरसा उलटा धरलाय. एका जागी उभी राहिलेली तिला कुणी पाहिलेली नाही, म्हणून भिंगरी.

झाडाची गोष्ट तिच्यापासूनच सुरू होते. सहा वर्षांची असताना तिने संत्र्याची बी गिळली आणि आता पोटात झाड उगवणार म्हणून रडून रडून घर डोक्यावर घेतलं. बाबांनी तिच्यासमोर दुसरी बी कपातल्या मातीत खोचली. म्हणाले, "हे बघ, झाड उगवायला माती लागते. तुझ्या पोटात कुठे आहे माती?"

"आहे," भिंगरी म्हणाली. कारण ती खायची.

पोटातलं काही उगवलं नाही, कपातलं उगवलं. कपातून डब्यात, डब्यातून बादलीत, आणि शेवटी गच्चीवर एका निळ्या प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये. पंधरा वर्षं! दरवर्षी पानं हिरवीगार, काटे टोकदार, आणि फळाच्या नावाने शंख. आई म्हणायची, "आमच्याकडे दोघं आहेत असे. खातात, पितात, उंच होतात, कमावत काही नाहीत." दुसरा म्हणजे भिंगरीचा दादा. तो परीक्षा देत होता. कुठली, हे विचारायचं नाही.

पण बाबांचा त्या झाडावर जीव. कामावर जाण्याआधी ते तांब्या घेऊन वर जायचे, पाणी घालायचे आणि दहा मिनिटं तिथेच उभे राहायचे. घरात दिवसभरात चार वाक्यं बोलणारा माणूस वर जाऊन झाडाला म्हणे सगळं सांगायचा. साहेब काय म्हणाला, कुठल्या लिफ्टचा दोर झिजलाय, गुडघा कसा दुखतोय. दादाने एकदा चोरून ऐकलं आणि खाली येऊन म्हणाला, "आई, तुला जे वीस वर्षांत कळलं नाही ते झाडाला माहितीये."

आता यात एक भानगड होती. ड्रम ज्या कोपऱ्यात होता, त्याच्या बरोबर खाली सेक्रेटरी काकांची बाहेरची खोली. सेक्रेटरी काका म्हणजे आपल्या बिल्डिंगच्या सोसायटीचे सेक्रेटरी, आणि यांचे शेजारी. त्यांच्या छताला ओल आली होती. पोपडे पडायचे, कधी टीव्हीवर, कधी चहात. माणूस वाईट नव्हता हो, पण तुमच्या चहात रोज छत पडायला लागलं तर तुम्ही किती दिवस चांगले राहाल?

तर गच्चीवर सभा भरली. सेक्रेटरी काकांनी सरळ विषय काढला, "लिफ्टवाले, राग मानू नका. तो ड्रम हलवायला हवा. नर्सरीवाला घेऊन जायला तयार आहे, मी विचारून ठेवलंय. नुसतं शोभेचं झाड ते. त्याचा कुणाला काय उपयोग?"

बाबा उठले. भिंगरी सांगते की तिने तेव्हाच दादाकडे वळून बघितलं, कारण बाबा सभेत कधी उठतच नाहीत.

"शोभेचं नाही," बाबा म्हणाले. "फळ धरलंय त्याला. तीन धरलीत. पिकली की बिल्डिंगमधल्या प्रत्येक माणसाला आमच्या झाडाची चव देईन."

"प्रत्येकाला?"

"प्रत्येकाला."

"आणि चव म्हणजे चव हं," सेक्रेटरी काका म्हणाले. "नाहीतर बादलीभर पाण्यात एक फोड पिळाल आणि म्हणाल घ्या सरबत. खाणाऱ्याला कुणी न सांगता कळलं पाहिजे की हे संत्रं आहे."

"कळेल! नाही कळलं तर मी स्वतः ड्रम उतरवून नर्सरीला पोचवीन."

जिभेला हाड नसतं ते असं. शब्द देऊन मोकळे! पाच मिनिटांत ती बातमी तळमजल्यापर्यंत. आणि बिल्डिंगमध्ये माणसं तीसच्या वर. आई घरी येऊन म्हणाली, "अहो, तीन संत्री आणि तीस तोंडं. कसं करणार?"

"होईल," बाबा म्हणाले. हे त्या दिवसातलं त्यांचं घरातलं चौथं वाक्य.

मग काय झालं, तर पहिलं संत्रं वाऱ्याने पडलं. दुसरं दादाने पाडलं. टॉवेल झटकत होता, फटकन लागला, संत्रं गच्चीच्या कठड्यावरून थेट रस्त्यावर. दादा आठवडाभर बाबांच्या समोर जेवायला बसला नाही. राहिलं एक. बाबांनी त्याला पाखरांपासून जपायला आपला जुना मोजा घातला. खरंच सांगते, राखाडी मोजा, टाचेला भोक, आणि भोकातून दिवसेंदिवस केशरी होत जाणारं संत्रं. येणारे-जाणारे विचारायचे, "काय लिफ्टवाले, पाय कधी येणार?"

शेवटी रविवारची सभा ठरली आणि शनिवारी संध्याकाळी बाबांनी मोजा काढून संत्रं खाली आणलं. जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवलं. चौघंही बघत बसले. लिंबू म्हणावं तर मोठं, संत्रं म्हणावं तर लहान, आणि एका बाजूला जरा चपटं.

"दहा फोडी असतील," आई म्हणाली. "फोडीचे तीन-तीन तुकडे."

"आणि आंबट निघालं तर?" दादा म्हणाला. "बीपासून वाढवलेलं झाड आहे, आंबटच निघणार. तीस माणसं एकदम तोंड वाकडं करतील. सेक्रेटरी काका फोटो काढतील."

बाबांनी संत्रं जवळ ओढलं. नुसता अंगठा त्या संत्र्यावरून फिरवत राहिले. आणि भिंगरीने, हात शिवशिवतातच ना हिचे, सहज म्हणून नखाने साल जराशी खरवडली.

आणि तो वास! काय सांगू तुम्हाला. बाजारात जे संत्रं मिळतं ना, त्याचा वास म्हणजे कुणीतरी दुरून हाक मारल्यासारखा. हा वास कानात ओरडला. टेबलाच्या टोकाला बसलेल्या दादाला शिंक आली. वास आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेला. भिंगरी ताडकन उठली, खुर्ची मागे पडली.

"सालीत आहे! सगळं सालीत आहे! आतलं आंबट असू दे नाहीतर कडू असू दे, आपल्याला काय करायचंय? साल किसायची, गरम क्रीममध्ये मुरवायची आणि चॉकलेट ट्रफल करायचे. एकेकाला एकेक!"

आईने कपाळाला हात लावला.

"भिंगे," दादा म्हणाला, "मागच्या वेळचे ट्रफल आठवतात का तुला?"

सगळ्यांना आठवत होते. ट्रफल म्हणजे खरं तर क्रीम आणि चॉकलेट एकजीव करून वळलेला मऊ गोळा, वरून कोकोची पावडर. तोंडात टाकला की विरघळला पाहिजे. भिंगरीने मैत्रिणीच्या वाढदिवसाला केले होते ते विरघळले नव्हते. वितळवताना भांड्यात वाफेचं पाणी गेलं, चॉकलेट रवाळ होऊन आवळलं, आणि ही बया घाईघाईत तसेच गोळे वळून घेऊन गेली. मैत्रिणीच्या काकांचा खोटा दात त्यात अडकून निघाला. तेव्हापासून घरात त्यांना दगडगोटे म्हणत.

"या वेळी नीट करीन," भिंगरी म्हणाली.

"तू नीट करशील?" आई म्हणाली. "तू?"

पण बाबांनी संत्रं उचललं आणि भिंगरीच्या हातात ठेवलं. बस. निर्णय झाला. आणि भिंगरीला एकदम ते फळ लोखंडाच्या गोळ्यासारखं जड लागायला लागलं.

रविवारी सकाळी स्वयंपाकघराचा ताबा तिने घेतला. गडद चॉकलेट कोपऱ्यावरच्या दुकानातून आदल्या दिवशीच आणलं होतं, होतं नव्हतं तेवढं सगळं, कारण रविवारी दुकान बंद. तिने बारीक किसणी घेतली आणि साल किसायला बसली. फक्त केशरी भाग, हं. खालचा पांढरा भाग आला की कडू. हे काम घाईचं नाहीच मुळी. किसणीवरून एकदा फिरवायचं, फळ वळवायचं, परत एकदा. जी बाई चालता चालता केस विंचरते, ती स्टुलावर अशी बसली होती की जणू नाकावरची माशी उडवली तरी संत्रं रागावेल. आईने दोनदा डोकावून बघितलं आणि परत गेली.

ताटलीत किसाचा एवढासा ढीग झाला. चिमटीत मावेल इतका. पंधरा वर्षांचा माल! तिने क्रीम गरम केलं, कडेला बुडबुडे यायला लागले तसा गॅस बंद, त्यात किस टाकला, वर झाकण. मुरू दे. दुसऱ्या शेगडीवर पातेल्यात पाणी, पाण्यावर काचेचा वाडगा, वाडग्यात चॉकलेटचे तुकडे. या वेळी वाफेचा एक थेंब आत जाऊ दिला नाही. वितळलं कसं, तर आरशासारखं. तिला त्यात स्वतःचं नाक दिसलं.

आणि तेवढ्यात बेल वाजली.

पहिल्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या मावशी दारात. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. "अगं, वास कसला येतोय? माझ्या गिऱ्हाइकाचं माप चुकलं, सारखी नाक वर करून बघतेय ती!"

भिंगरी खूश. मावशींशी दोन मिनिटं बोलली. दोनच, फार तर तीन.

परत आली तर स्वयंपाकघरात बाबा. एका हातात अर्धं संत्रं, नागडं, साल गेलेलं, पिळून चिपाड झालेलं. दुसऱ्या हातात चमचा. आणि ते चॉकलेट ढवळत होते. जोरजोरात ढवळत होते, कारण ते ढवळलं जात नव्हतं. आरसा गेला होता. वाडग्यात ओल्या सिमेंटसारखा काळा, रवाळ, दगडी गोळा होता.

"बाबा! काय केलंत!"

"रस," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा असा झाला होता की भिंगरीला ओरडतासुद्धा येईना. "नुसती सालच घेतलीस ना तू. मला वाटलं, बिचाऱ्याचा रस तसाच फेकून द्यायचा का. एवढा जमवला त्याने. मी थोडासाच पिळला गं."

"वितळलेल्या चॉकलेटमध्ये थेंब जरी पाण्याचा गेला तरी..."

"हे पाणी नाही, रस आहे."

"त्यात काय असतं बाबा? पाणीच असतं!"

दादा आला, आई आली. दादाने वाडग्यात चमचा उभा केला. उभाच राहिला. "दगडगोटे," तो हळूच म्हणाला आणि आईने त्याला कोपर मारलं. बाबा मागे सरकले, ओट्याला टेकले आणि हातातलं ते चिपाड कुठे ठेवावं हेच त्यांना कळेना. मग म्हणाले, "जाऊ दे. मी नर्सरीवाल्याला फोन करतो."

आता बघा, अडचण काय होती. चॉकलेट दुसरं नाही, दुकान बंद. क्रीम आहे, त्यात साल मुरलेली आहे, म्हणजे झाडाचं जे काही आहे ते सगळं त्या झाकणाखाली. ते या गोळ्यात ओतलं आणि फिसकटलं, तर सालही गेली आणि रसही गेला. आणि नाही ओतलं तर काय, संत्र्याच्या वासाचं क्रीम तीस माणसांना चमच्याने चाटवायचं?

भिंगरी उभी राहिली. मुद्दाम सांगते, कारण हे असं कधी होत नाही. ओट्यापाशी दोन्ही हात सोडून नुसती उभी. आणि तिला मागच्या वेळचं भांडं आठवलं. दगडगोट्यांचं. वळून झाल्यावर तळाला चिकटलेलं खरवडून निघेना म्हणून तिने त्यात कढत पाणी ओतलं होतं, आणि घासायला घेतलं तर ते अचानक सुळसुळीत झालं. रेशमासारखं. भांडं घासायच्या गडबडीत तिने ते बघितलं आणि ओतून दिलं. तेव्हा कुठे डोकं चालवायला वेळ होता!

"थेंबभर ओल गेली की आवळतं," ती म्हणाली, अर्धं स्वतःशीच. "पण भरपूर गेली की सुटतं. काट्याने काटा!"

"म्हणजे?" दादा म्हणाला.

"वाटी दे. आणि दूध तापव, चमचाभर. प्रश्न विचारू नकोस."

तिने त्या सिमेंटमधला सुपारीएवढा तुकडा वाटीत घेतला. वर कढत दूध घातलं. चमच्याने मधोमध लहान लहान गोल फिरवायला लागली. पहिल्यांदा तर आणखीच वाईट दिसलं, तेल वेगळं, गाळ वेगळा, बघवेना. आई म्हणाली, "राहू दे गं." भिंगरीने आणखी थोडं दूध घातलं. गोल, गोल, गोल. आणि मधोमध एक रुपयाएवढा डाग चमकला. मग तो पसरायला लागला. वाटीच्या कडेपर्यंत गेला. काळं, मऊ, तुकतुकीत!

"आरं तिच्या!" दादा ओरडला.

भिंगरीने क्रीम परत गरम केलं, गाळलं, आणि बाबांकडे बघून म्हणाली, "बाबा, तुम्ही ओता. मी ढवळते."

लिफ्टच्या खड्ड्यात लोंबकळत एका हाताने पाना फिरवणाऱ्या बाबांनी क्रीमचं पातेलं दोन्ही हातांनी धरलं. बारीक धार धरली त्यांनी. भिंगरी मधोमध ढवळत राहिली. गाळ झाला. फुटलं. आणि मग तो रुपयाएवढा डाग आला, वाटीएवढा झाला, ताटलीएवढा झाला, आणि अख्खा वाडगा असा चमकला की आईने पदर... पदर कसला, ॲप्रन होता, त्याने डोळे टिपले आणि म्हणाली, "वाफ गेली डोळ्यांत."

भिंगरीने बोट बुडवून चाटलं. आणि चमचा खाली ठेवला.

"काय? बिघडलंय का?" बाबा.

"तुम्ही चाटा."

बाबांनी चाटलं. आणि दुसरं बोटही बुडवलं. आधी चॉकलेट, गडद, कडसर. मग सालीचा तो वास नाकात चढायचा. आणि सगळं संपलं असं वाटेपर्यंत जिभेच्या दोन्ही कडांना एक आंबट चिमटा. तो रसाचा होता. भिंगरीच्या बेतात नसलेला.

मिश्रण फ्रिजमध्ये घट्ट झालं तसे दुपारी चौघं वळायला बसले. भिंगरीचे हात भट्टीसारखे गरम, तिच्या हातात गोळा धरला की पाघळायचा, म्हणून ती दर दोन गोळ्यांनंतर बर्फाच्या पाण्यात हात बुडवून पुसून घ्यायची. दादा टेबल टेनिसच्या चेंडूएवढे वळायला लागला. आई म्हणाली, "अरे, तीस माणसं आहेत, तू एकटा नाहीस." मग त्याने गोटीएवढे वळले. शेवटी कोकोमध्ये घोळवून परातीत रांगा लागल्या. माणसांना पुरून थोडे उरतील इतके झाले. थोडे म्हणजे दादाने दोन खाऊन.

पाच वाजता सभा. गच्चीवर सगळी बिल्डिंग, खुर्च्या, स्टुलं, कुणी पाण्याच्या टाकीला टेकून. आणि कोपऱ्यात तो ड्रम, फळ नसलेला, पानं हलवत. भिंगरी परात घेऊन फिरली.

शिवणकामवाल्या मावशींनी पहिला उचलला. डोळे मिटले. "अगंबाई," एवढंच म्हणाल्या. मग दुसऱ्या मजल्यावरचा कंपाउंडर म्हणाला, "हे घरी केलंय? खोटं!" त्याच्या बायकोने त्याचा अर्धा खाऊन टाकला. तळमजल्यावरचे न्हावीकाका, जे गोड खात नाहीत असं सगळ्यांना सांगत फिरतात, त्यांनी परातीकडे पाठ केली आणि हात मागे केला. "संत्रं! संत्रं!" पोरं ओरडायला लागली.

सेक्रेटरी काकांनीही खाल्ला. हळूहळू चघळला. मिशीला कोको लागला. सगळे बघत होते.

"छान आहे," ते म्हणाले.

जल्लोष!

"थांबा, थांबा. छान आहे, पण अट काय होती? न सांगता कळलं पाहिजे. तुम्हा सगळ्यांना आधीच माहीत होतं संत्रं आहे म्हणून. मलाही माहीत होतं. मग मला चव आली की आठवण आली, मला काय कळणार?"

"हे काय बोलणं झालं?" आई उसळली.

"नाही, बरोबर आहे," बाबा म्हणाले. असे बाबा! भिंगरीला वाटलं, परात आपटावी. "शब्द तसाच दिला होता मी. ज्याला माहीत नाही अशा माणसाला द्या."

पण असा माणूस आणायचा कुठून? मावशींच्या पिंजऱ्यातल्या पोपटालासुद्धा मोज्यातल्या संत्र्याची गोष्ट पाठ होती. सेक्रेटरी काकांनी मिशी पुसली आणि म्हणाले, "माझी आई आहे. ती काल रात्रीच माझ्या बहिणीकडून सहा महिन्यांनी परत आलीये. तिला काहीच ठाऊक नाही."

गच्चीवर एकदम कुजबुज सुरू झाली. कारण सेक्रेटरी काकांच्या आईने जन्मात कशाला चांगलं म्हटलेलं नाही. मुलाच्या लग्नातसुद्धा जेवण कसं झालं विचारल्यावर म्हणाल्या होत्या, "झालं."

"संपलो," दादा पुटपुटला.

सगळी वरात खाली. आजी बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत बसलेल्या, बरोबर त्या ओल आलेल्या छताखाली, आणि डोक्यावर उघडी छत्री! पोपडे पडतात म्हणून. दारात एवढी माणसं बघून त्यांनी चष्मा वर केला.

"कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही आई. हे खा आणि काय लागतंय ते सांग."

"डॉक्टरने दिलंय?"

"नाही गं, चॉकलेट आहे."

"मग एवढी माणसं कशाला लागतात?"

भिंगरीने बशी पुढे केली. आजींनी गोळा उचलला, उलटा करून बघितला, म्हणाल्या, "गोल नाही." दादाने मान खाली घातली. मग तोंडात टाकला. दात नव्हते, त्यामुळे चावायचा प्रश्नच नव्हता, नुसत्या जिभेवर ठेवून बसल्या. भिंगरीने बाबांचा हात धरला. तो ओला होता, की तिचाच होता, कळायला मार्ग नाही. आजींचे गाल आत गेले. भुवया जवळ आल्या. मग एकदम वर गेल्या.

"संत्रं आहे."

काय आवाज झाला! जिन्यावरची माणसं ओरडली, ज्यांना आतलं दिसतसुद्धा नव्हतं तीही ओरडली.

"गप्प बसा!" आजी म्हणाल्या. "मी अजून खातेय."

आजींनी डोळे मिटले. "बाजारचं नाही हे. बाजारचं एवढं बोलत नाही. साल कुणी किसली?"

"मी, आजी."

"पांढरं येऊ दिलं नाहीस. शाबास. आणि रस कुणी पिळला?"

खोलीत टाचणी पडली तरी ऐकू आली असती. मावशींच्या पदरातून पडलीसुद्धा. बाबांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

"बरं केलंत," आजी म्हणाल्या. "नाहीतर नुसतं अत्तर लागलं असतं. आंबट आहे म्हणून तर आणखी एक खावासा वाटतो. आण गं पोरी, दुसरा आण."

बाबांनी हात वर केला होता तो खालीच घेतला नाही. तसाच वर ठेवून हसत होते. मोठ्याने, दात दाखवून. भिंगरी म्हणते, बाबांना तिने असं हसताना आधी बघितलं असेल तर तेव्हा ती पाळण्यात असणार.

"जिंकलात लिफ्टवाले," सेक्रेटरी काका म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. "झाड राहिलं."

"कसलं झाड?" आजी म्हणाल्या. "झाड आहे? कुठे आहे? मला दाखवा."

कित्येक वर्षांत गच्ची न चढलेल्या आजींना दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून वर नेलं, आणि वाटेत पोरांनी पंधरा वर्षांची सगळी गोष्ट सांगितली. आजींच्या तोंडात तिसरा गोळा. त्यांनी ड्रमभोवती एक फेरी मारली, पानं चोळून हुंगली, आणि वळून आपल्या लेकालाच झापलं, "अरे, भिंतीच्या सावलीत ठेवलंय ते! पंधरा वर्षांत एक फळ येणार नाही तर काय होणार? ऊन तिकडे आहे!" आणि काठी दाखवली ती गच्चीच्या दुसऱ्या टोकाला. तिथे कुणाचंही छत नव्हतं, खाली जिना होता. इतकी वर्षं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, ना बाबांच्या, ना सेक्रेटरी काकांच्या. एकाला वाटायचं झाडाला भिंतीचा आडोसा बरा, दुसऱ्याला वाटायचं ड्रम गेलाच पाहिजे.

"मग बघताय काय? ढकला!"

आणि ढकलायला कोण नाही लागलं? कंपाउंडर लागला, न्हावीकाका लागले, दादा तर सगळ्यात पुढे, त्या टॉवेलचं पाप धुवायचं होतं ना त्याला. सेक्रेटरी काकांनी बाह्या सरसावल्या. एका बाजूने बाबा, दुसऱ्या बाजूने ते, आणि आजी काठी आपटत, "डावीकडे! अरे डावं कळतं का? बायकोने शिकवलं नाही वाटतं!" ड्रम इंच इंच सरकत होता, काटे सगळ्यांच्या केसांत अडकत होते, पोरं मागून पानं धरून चालत होती. भिंगरी रिकामी परात डोक्यावर धरून मध्येच नाचत होती आणि सगळ्यांना वाट अडवत होती. शेवटी धप्पकन ड्रम उन्हात टेकला. माणसं धापा टाकत मागे सरली, आणि त्या निळ्या ड्रमवर चहूबाजूंनी कोकोच्या बोटांचे ठसे उमटले होते, लहान, मोठे, तीसच्या वर.